पाणी तुमचं की आमचं

माझ्या धंद्यात फोन उचलला की पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो. पाणी तुमचं की आमचं? अंगण केवढं, फरशी कसली, शेवाळ यंदाचं की तीन पावसाळ्यांचं, हे सगळं त्यानंतर. भोपाळात मी तो हिंदीत विचारते, 'पानी आपका रहेगा या हमारा?', आणि पलीकडचा माणूस हमखास गोंधळतो. त्याला वाटतं मशीन धुतं. मशीन काही धूत नाही बाबा, पाणी धुतं. मशीन फक्त त्याला जोरात ढकलतं, आणि टाकीभर पाणी तासाच्या आत संपवून पुन्हा आ वासून बसतं.

'आमचं' म्हटलं की लोडिंग ऑटोवर बांधलेली माझी काळी टाकी आधी कुठूनतरी भरायची, तिथवर न्यायची, आणि अर्ध्या कामात संपली तर पुन्हा भरून आणायची. 'तुमचं' म्हटलं की मशीन, पाइप आणि मी. ऐकायला फरक एवढासा आहे. पण उन्हाळ्यात, नळ एक दिवसाआड येतो तेव्हा, या एका प्रश्नावर माणसं कशी उघडी पडतात ते मला विचारा. दारात तीन गाड्या असलेला माणूस म्हणतो, हमारे यहाँ तो पीने को नहीं है. आणि दोन खोल्यांत राहणारी एक म्हातारी मला म्हणाली होती, बेटा, जितना है उतना ले ले, बाकी कल आ जाना.

लोकांचं सोडा. हा प्रश्न मी शिकले ते माझ्या माहेरीच.

माहेर म्हणजे भोपाळातल्याच सोनागिरीतलं घर. बाबा नागपूरहून इथल्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले, आम्ही दोघं भावंडं वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि निवृत्तीच्या थोडं आधी बाबांनी हे घर बांधलं. बाबा गेल्यावर घरात राहिले आई, दादा आणि वहिनी. त्यात लग्न मोडून नागपूरहून परत आलेली मी. का मोडलं ते सांगत बसत नाही. ज्यांना ऐकायची हौस असते त्यांनी ते माझ्याआधीच दुसरीकडून ऐकलेलं असतं.

परत आलेल्या मुलीला घरात जागा मिळते, ताटही मिळतं. फक्त प्रत्येक गोष्ट मागण्याआधी घसा खाकरावा लागतो. पंख्याचा वेग वाढवायचा तरी खोकायचं. मी फार दिवस खोकले नाही. हातातल्या बांगड्या मोडल्या आणि प्रेशरने धुणारं मशीन घेतलं. वहिनी म्हणाली, "बाईमाणसानं लोकांची अंगणं धुवायची?" दादा हसून म्हणाला, "घरी दोन कप विसळायचा कंटाळा, आणि निघाली गाव धुवायला." मीही हसले. तोपर्यंत दादाच्या थट्टेचं मला काही वाटत नसे.

दादा बाबांच्याच कारखान्यात इंजिनियर, तोही पंपांच्या विभागात. गल्लीत कोणाची मोटर पाणी ओढेनाशी झाली की दादाला हाक. तो मोटरीजवळ कान नेऊन सांगायचा, हवा धरली आहे, जाळी तुंबली आहे, बेअरिंग गेलं आहे, आणि नेमकं तेच निघायचं. माझं मशीन घरी आलं त्या दिवशी त्यानेच ते जोडून दिलं. टाकीच्या तळाशी जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला जाळी बसवली आणि म्हणाला, "एक गोष्ट ध्यानात ठेव. याला कोरडं चालवायचं नाही. पाणी कमी ओढलं गेलं की पंपाचे सील जळतात, मग संपलं. टाकीत पानं-काड्या जाऊ देऊ नकोस." दादा शिकवतो फार छान. हे त्याचं मी आजही नाकारत नाही.

ऑटो ज्याची होती तो ड्रायव्हर बाबांच्या वयाचा, जुन्या भोपाळचा. त्याच्या गल्लीत गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती रात्री आमच्या फाटकाच्या आत राहायची. मला ते सोयीचंच होतं. सकाळी नळ आला की अंगणातल्या तोटीला पाइप लावायचा आणि ऑटोवरची टाकी जागच्या जागी भरायची. भरलेली टाकी काही उचलून चढवता येत नाही.

फक्त भरायचं सगळ्यांच्या शेवटी. आधी आईचं प्यायचं पाणी, तिची तांब्याची कळशी, देवघरातलं, स्वयंपाकाचं. मग वहिनीचा जमिनीखालचा हौद. हौद भरला की कपडे धुवायचं मशीन लागायचं, आणि नेमकं त्याच दिवशी चादरी निघायच्या. मग दादाच्या गाडीवर दोन बादल्या. तोवर नळाची धार करंगळीएवढी झालेली असायची. मी टाकीला पाइप लावून शेजारी उभी राहायची. पाणी टाकीत पडायचा आवाज बारीक होत गेला की तोटी आणखी पिळून बघायची. 'आमचा बडा तलाव' म्हणून मिरवणाऱ्या शहरात मी एका तोटीपाशी उभी राहून धारेला चढ, चढ म्हणत असे.

ट्यूबवेलचं पाणी विकत मिळायचं, नाही असं नाही. पण ते जड. काचेवर, काळ्या दगडावर सुकलं की पांढरे डाग सोडतं, आणि गिऱ्हाईक डागावर बोट ठेवतं. टँकरच्या पाण्यात रेती. मशीनला मानवायचं ते आमच्या नळाचंच. म्हणजे माझा सगळा धंदा त्या एका तोटीवर टांगलेला होता, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

फाटकाच्या आत ऑटो, म्हणून दादाची नवी गाडी बाहेर कडुनिंबाखाली. तिच्यावर रोज पाखरं आपली कामगिरी करून जायची. दादा रोज सकाळी ओलं फडकं घेऊन पुसायचा आणि काही बोलायचा नाही. वहिनी बोलायची. शेवटी संक्रांतीनंतर एकदा जेवताना दादाने सांगून टाकलं. "उन्हाळा लागेपर्यंत बघू. नंतर घरालाच पाणी पुरणार नाही. तू तुझी काहीतरी दुसरी सोय बघ." मी आईकडे पाहिलं. आई भातावर वरण वाढत होती, ती वाढतच राहिली.

सोय चालून आली ती चार इमलीहून. तिथे सगळे अफसरांचे बंगले. भर दुपारी हिरवळीवर फवारे उडत असतात आणि पाणी कुठून येतं हा प्रश्न कोणाला पडत नाही. एका बंगल्यातल्या मॅडमनी कोणाकडून तरी माझा नंबर मिळवला. त्यांच्याकडे होळीला शंभर माणसं येतात, पोर्चची पांढरी भिंत आणि दगडी फरशी दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ती धुवायची. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "पहली बार अपना ले आइए, पहले काम देख लें. काम अच्छा हुआ तो इस पूरी लाइन के बंगले आप ही कीजिए, और टंकी यहीं से भर लिया कीजिए. पानी की कोई बात नहीं."

पानी की कोई बात नहीं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवल्यावर मी आईला मिठी मारली आणि सांगितलं, आई, हे एक काम नीट झालं की तुझ्या नळाला माझा हात लागायचा नाही. दादाची गाडी आत, माझी ऑटो बाहेर, आणि मी या घरात घसा न खाकरता राहीन. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, "देवी पावू दे बाई."

होळीच्या आदल्या दिवशी नळ आला. त्या दिवशी वहिनीने चादरी काढल्या नाहीत. टाकी मी आधी आतून घासली, जाळी काढून ब्रशने साफ केली, परत लावली, आणि काठोकाठ पाणी भरून झाकण आवळलं. दुपारी मी दुसऱ्या एका कामाची जागा बघायला निघून गेले.

होळीच्या दिवशी त्या वर्षी चंद्रग्रहण होतं. आमची आई ग्रहण कडक पाळते. क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासूनचं आहे हे. वेध लागायच्या आत शिजलेलं सगळं संपवायचं, लोणच्याच्या बरणीत, दुधात, प्यायच्या पाण्यात तुळशीचं पान टाकायचं. पान टाकलेलं चालतं. ज्यात पान नाही ते पाणी ग्रहण सुटल्यावर ओतून द्यायचं आणि भांडी घासून नव्याने भरायची. पौर्णिमेला तुळस तोडत नाहीत, म्हणून ती आदल्या दिवशीच पानं तोडून ठेवते. मी होळीच्या सकाळी दुधाच्या पातेल्यात पान पाहिलं, कळशीत पाहिलं, वहिनीच्या पाण्याच्या फिल्टरमध्येही एक तरंगत होतं. ते पाहून मला हसू आलं. टाकीचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही.

कामाच्या सकाळी ड्रायव्हर लवकर आला. मी मशीन, पाइप, पेट्रोलचा कॅन चढवला. दादा चहाचा कप घेऊन पायरीवर उभा होता. त्याची नजर टाकीच्या झाकणावर होती. तो म्हणाला, "सगळं नीट बघून घेतलंस ना?"

किती दिवसांनी त्याने माझ्या कामाबद्दल आपणहून काही विचारलं होतं. मला भरून आलं. मी म्हटलं, "हो रे, सगळं." त्याने मान हलवली आणि फाटक उघडून दिलं. वाटेत मी ड्रायव्हरला कौतुकाने सांगितलं, भाई साहब ने आज खुद गेट खोला. तो म्हणाला, "खून का रिश्ता है दीदी, खून का."

बंगल्याची भिंत म्हणजे तमाशा होता. गुलाबी, हिरवे, जांभळे हातांचे ठसे, आणि फरशीवर पक्क्या रंगाचं डबकं सुकलेलं. मी डावीकडून सुरुवात केली. पाण्याचा पंखा भिंतीवर पडला की रंग खाली पळायचा आणि मागे स्वच्छ पांढरा पट्टा उमटायचा. या कामातला हा एकच आनंद आहे आणि तो मला कधी पुरेसा झालेला नाही. मॅडम दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांच्याबरोबर शेजारच्या बंगल्यातल्या बाई होत्या.

अर्ध्यापर्यंत आले आणि मशीनचा आवाज बदलला. आधी बारीक थरथर, मग धार तुटक. ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, ये कराह रही है." मी बंद केलं, नॉझल काढून बघितलं, सुई घालून साफ केलं. ठीक होतं. टाकीत डोकावले, पाणी अर्ध्याहून जास्त. म्हणजे पाणी कमी नाही, नॉझल तुंबलं नाही. हवा धरली असेल म्हणून पाइप झटकला आणि पुन्हा चालू केलं. मिनिटभर बरं चाललं. मग पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज आला, पंपाखालून तेलकट पाणी गळायला लागलं, आणि सगळं थांबलं.

भिंत अर्धी पांढरी आणि अर्धी रंगीत. मधली रेघ इतकी सरळ होती की जणू मुद्दाम आखली असावी. शेजारच्या बाई तिच्याकडे बघत होत्या. मॅडम ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "कोई बात नहीं. मशीन है, हो जाता है. मैं किसी और को बुलवा लेती हूँ." माळ्याला त्यांनी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला सांगितलं. बाहेर पडताना बघितलं, हिरवळीवरचे फवारे चालूच होते.

पुढच्या वळणावर मी ऑटो थांबवायला लावली. टाकीवर चढले, बाही वर करून हात खांद्यापर्यंत बुडवला आणि जाळी वर काढली. जाळीला काळपट, मऊ, शिजलेल्या भाजीसारखं काहीतरी गच्च लपेटलेलं होतं. नाकाशी नेलं तर तुळशीचा वास आला. एक-दोन पानं नव्हेत, मूठभर. एवढ्या मोठ्या टाकीला एक पान कसं पुरेल, असा हिशेब आईने केला असणार.

घरी येईपर्यंत मी आईशी भांडायची सगळी वाक्यं तयार केली होती. दादा अजून कामावर निघायचा होता, वहिनी त्याचा डबा भरत होती. मी जाळी तशीच ओली आईच्या पुढ्यात जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"काय झालं गं? एवढ्या लवकर कशी आली?"

"पंप जळला. काम गेलं. सगळे बंगले गेले. ही तुळस तू टाकलीस टाकीत?"

आईने जाळी हातात घेतली. तिला आधी कळेना. मग कळलं. तिचा चेहरा असा उतरला की तयार केलेलं एकही वाक्य वापरता येईना.

"अगं, ग्रहण नव्हतं का? नसती टाकली तर सगळं पाणी ओतून द्यावं लागलं असतं. तू किती मरमर करून भरत होती ते मी पाहत नाही का रोज? म्हटलं, हिचं पाणी वाया नको जायला. त्यात एवढं मोठं काम. मला काय माहीत बाई मशीनला तुळस चालत नाही म्हणून."

ती खरंच बोलत होती. त्या घरात माझ्या पाण्याची काळजी केलेली ती एकटीच होती. तिच्यावर रागवायचं तर कोणत्या तोंडाने? मी म्हटलं, "आणि एवढ्या उंच टाकीवर चढलीस कशी? गुडघे बघ तुझे. पडली असतीस म्हणजे?"

"एकटी कशाला चढू? दादानं स्टूल धरलं ना. झाकण पण त्यानंच उघडून दिलं, मला कुठे उघडते ते."

वहिनीचा हात डब्यावर थांबला. मी दादाकडे पाहिलं. दादा बुटाची लेस बांधत होता. फार नीट बांधत होता, एक पाय झाला की दुसरा.

"तू होतास?" मी विचारलं.

"आईचं ग्रहण तुला माहीत आहे. तिला नाही म्हणून बघ एकदा."

"मला सांगायचं होतंस."

"अरे यार, मी सकाळी विचारलं नाही का तुला, सगळं बघून घेतलंस ना म्हणून? तू म्हणालीस हो. चेक करणं तुझं काम आहे. धंदा तुझा आहे."

भरलेल्या टाकीची जाळी कोणी बाहेर काढून बघत नाही, हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गल्लीतल्या प्रत्येक मोटरीचं दुखणं कान लावून सांगणारा माणूस. मूठभर पानं दोन दिवस पाण्यात कुजली की पंपाचं काय होतं, हे त्याला कोणी शिकवायचं? मलाच तर त्याने शिकवलं होतं. चहाचा कप घेऊन झाकणाकडे बघत तो पायरीवर उभा होता, आणि त्या एका प्रश्नाने मला केवढं भरून आलं होतं! आजही ते आठवलं की मला त्याच्यापेक्षा माझ्या त्या भरून येण्याचा संताप येतो.

मी काहीतरी मोठ्याने बोलले असणार, कारण आई मध्ये पडली. "त्याला कशाला बोलते? त्याच्या काय ध्यानात राहतं, त्याला किती व्याप आहेत. चूक माझी झाली, मला बोल." मग हळू आवाजात म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई. गल्लीला कशाला ऐकवायचं?"

मी तिच्या हातातली जाळी काढून घेतली. दात कोणाचे आणि ओठ कोणाचे, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिने तेच म्हटलं. दादाने डबा उचलला आणि तो कामावर गेला.

पंप बदलायलाच लागला. त्याला वेळ गेला, तोवर उन्हाळा लागला. एका रविवारी दादा म्हणाला, आता मशीनच बंद आहे तर ऑटो कशाला आत अडवून ठेवायची? त्याच संध्याकाळी त्याची गाडी फाटकाच्या आत आली. अंगणातल्या तोटीला वहिनीने कुलूपवालं टोपण लावून घेतलं. म्हणे येणारे-जाणारे पाणी घेतात. आमच्या फाटकातून येणारी-जाणारी मी सोडून दुसरी कोण होती?

मी घर सोडलं. भांडून नाही. सामान बांधलं, आईच्या पाया पडले आणि ऑटोत बसून हबीबगंजला आले. स्टेशनच्या मागे एक खोली घेतली. स्टेशनचं नाव बदललं, चकचकीत झालं, पण आमचा ड्रायव्हर अजून हबीबगंजच म्हणतो आणि मीही. जवळ एक रोपांची नर्सरी आहे, तिच्या मालकाने ट्यूबवेलमधून टाकी भरायची परवानगी दिली. बदल्यात मी त्याच्या कुंड्या आणि वाटा धुऊन देते. पाणी जड आहे. नॉझल दर आठवड्याला लिंबूसत्त्वात बुडवून ठेवावं लागतं, काचेची कामं मी घेत नाही. पण टाकी भरताना मागे कोणी उभं नसतं.

पावसाळा सरता सरता वहिनीचा फोन आला. तलाव काठोकाठ भरला होता, धरणाची दारं उघडल्याची बातमी रोज येत होती, शहरभर नळ दररोज आणि भरपूर येत होता. वहिनी गोड बोलत होती. महालक्ष्म्या तोंडावर आल्या, अंगणात शेवाळ इतकं की आई परवा घसरता घसरता वाचली. महालक्ष्म्या फाटकापासून पावलं काढत आणायच्या, त्या अशा अंगणातून कशा आणणार? "तू येऊन धुऊन देशील का? बाहेरच्याला कशाला बोलवायचं? तू तर घरचीच आहेस."

मी सवयीने विचारलं, "पाणी तुमचं की माझं?"

खरंच सवयीने. मला टोमणा मारायचा नव्हता. पण विचारलं आणि मग मीच कान देऊन थांबले. अजूनही मनात वेडी आशा होती, खोटं कशाला बोलू? वाटलं, वहिनी म्हणेल, असं काय विचारतेस, घरचा नळ आहे ना.

तिने फोनवर हात ठेवला. मागून दादाचा आवाज तरी ऐकू आला. "टाकी घेऊनच ये म्हणावं. नळाला प्रेशर नाही सध्या."

"अगं, नळाला प्रेशर नाही सध्या," वहिनी म्हणाली.

मी गेले. आई पुन्हा घसरेल म्हणून गेले, दुसरं कारण नव्हतं. हबीबगंजहून टाकीभर जड पाणी सोनागिरीपर्यंत आणलं. फाटकाच्या आत दादाची गाडी होती, म्हणून ऑटो बाहेर कडुनिंबाखाली उभी केली आणि पाइप भिंतीवरून आत टाकला. दादा घरी नव्हता. अंगण हिरवंगार झालं होतं, बाबांनी बसवलेल्या फरशीची नक्षी दिसेनाशी झाली होती. मी ती कोपऱ्या-कोपऱ्यातून काढली. तुळशीवृंदावनाभोवती धार हलकी ठेवली. तोटीवर कुलूप तसंच होतं, आणि टोपणाच्या कडेने पाणी झिरपून खाली थेंब थेंब पडत होतं. चांगल्या जोराचं पाणी होतं आत.

काम संपलं तेव्हा आई बाहेर आली. ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत, हातात तांब्या आणि वर उपडा पेला. "दमली असशील. पाणी तरी पिऊन जा."

मला तहान लागली होती. सकाळपासून काही प्यायले नव्हते. तांब्याच्या बाहेरून थंड पाण्याचे थेंब जमले होते.

"नको," मी म्हटलं, "मी माझं आणलंय."

 मला वाटलं आई आता दादाची बाजू घेईल, काहीतरी समजावेल.  मी पाइप गुंडाळायला वाकले. तिने तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि भिंतीला धरून आत गेली.